भासऱ्याची भिंत

राजकुमारीला बसवत नाही. चुलीवर भात ठेवला की ती अंगणात, अंगण झाडलं की पुन्हा भिंतीपाशी. मुर्री गावातल्या बायका म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. म्हणोत बापड्या. ज्या बाईचा नवरा दर आठवड्याला वेगळाच माणूस दिसायला लागतो, तिला चैन कसं पडावं?

नवरा म्हणजे भिंतीवरचा. खरा चैतराम तापाने गेला त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवाळीला तिने भिंत छुईच्या पांढऱ्या मातीने पोतारली आणि गेरू, काजळी घेऊन त्याला काढलं. सायकल जमली, मागचं धानाचं पोतं जमलं, चेहरा काही जमेना. मतदान कार्डावरचा फोटो समोर धरला, तर त्यात तो चोर पकडून आणल्यासारखा. मग काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. हसणाऱ्यांना काय ठाऊक? तिला धास्ती होती ती एकच, की आपण त्याचं तोंड विसरत चाललो आहोत.

त्यात ती भिंतही तिची नव्हती. वाटणीत मागची खोली थोरल्या भावाकडे, शिवलालकडे गेली, अंगण चैतरामकडे. त्या खोलीची भिंत अंगणाकडे तोंड करून उभी. वाटणीच्या दिवशी भावाभावांत काय झालं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यानंतर शिवलालने या अंगणात पाय ठेवला नाही. भाऊ गेला तेव्हाही गडी परस्पर मसणात गेला. असला हेकट!

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात शिवलालने स्लॅबची खोली बांधायला काढली. जुनी भिंत पाडायची म्हटल्यावर राजकुमारी आडवी आली, आणि प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीत गेलं. शिवलाल तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, तोंडाकडे पाहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने त्याच्या चपला तेवढ्या धड पाहिलेल्या. म्हणून तिचं म्हणणं शेजारच्या सुशिलाबाईने मांडलं: भिंत त्यांची असंल, चित्र हिचं आहे.

अध्यक्ष केशोरावांनी डोकं खाजवलं. चित्र हिने काढलं यात वाद नाही, म्हणाले, पण ज्याची भिंत त्याला ती पाडायची मुभा आहे, आणि चित्रासाठी कोणाची खोली अडवता येत नाही. हिला पाहिजे तर रंग खरडून न्यावा. लोक हसले. राजकुमारीच्या अंगाची लाही लाही झाली.

चार दिवसांनी शिवलाल भिंत पाडायची सब्बल, लोखंडी पहार, घेऊन अंगणात आला. उन्हामुळे डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. राजकुमारीने पदर ओढला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मध्ये बोलायला कोणी नव्हतं, तेव्हा ती खुंट्याला बांधलेल्या शेळीकडे तोंड करून म्हणाली, "सांग त्याइले, भिंत पाडा, पन त्या मानसाले मी अजून पुरता काढला नाही."

सब्बल मातीत टेकल्याचा आवाज आला. शिवलाल ते चित्र पहिल्यांदाच पाहत होता. त्याच्या बाजूने तर नुसती भिंत होती. तो म्हणाला, "नाक चुकलं."

राजकुमारीला असा राग आला की विचारू नका. तीन वर्षं जीव आटवला, आणि हा, भावाच्या मयतीला दारात न आलेला, चूक काढतो! पण त्याने खरंच सांगितलं होतं. नाकच चुकत होतं.

"असं नोतं त्याचं," शिवलाल म्हणाला. "आमच्या बाचं नाक होतं त्याले. आमा दोघायले तेच." मग खाकरून म्हणाला, "भिंत माही आहे. ते मी पाडनार."

आणि सब्बल बाजूला टाकून तो पालथ्या घमेल्यावर बसला. तोंडाचा दुपट्टा सोडला, टोपी काढली, मान वर केली आणि डोळे दुसरीकडे वळवले.

"पाहून घे," म्हणाला.

सासू असती तर तिने हाणलं असतं. सुशिलाबाई कुंपणापलीकडून पाहत असेल, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. होऊ दे, म्हणत तिने चुलीतला कोळसा उचलला, आपल्या घराच्या, कोणी पाडणार नाही अशा भिंतीपाशी गेली आणि पदर मागे सारला.

समोर चैतरामचं नाक होतं. त्याच्याच भुवया, त्याचीच हनुवटी, वयाने ओघळलेली. तो म्हातारा झाला असता तर असाच दिसला असता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते पाहून शिवलालची मान खाली गेली.

"हालू नोका," राजकुमारी त्याला म्हणाली.