कौतिकनानाचा स्लॅब

कौतिकनानाचा जन्म धाब्याच्या घरात गेला. सागाचे खांब, वर फळ्या आणि त्यावर मातीचं छत. छत गळू नये म्हणून दर वैशाखात त्याची बायको झुंबरअक्का खाऱ्या मातीच्या पाट्या डोक्यावरून वर न्यायची. मग तिचे गुडघे गेले, शिडी चढवेना. नानानं ठरवलं, हिला आता माती वाहू द्यायची नाही, स्लॅब टाकायचा. अठ्ठ्याऐंशी साल असेल.

आमच्या गावात, भडगावजवळ, निंबा गवंडी होता की! सरपंचाचा स्लॅब त्यानंच टाकलेला. पण त्याच्याकडे कागद नव्हता. आणि आमच्या लोकांना कागदाचं भारी वेड! धुळ्याहून धनसिंग कंत्राटदार आला तो सरकारी लायसन काचेच्या चौकटीत घालूनच. नाना अंगठेबहाद्दर, चौकट घेऊन माझ्याकडे आला. मी शेजारी, सातवी पास, गावाचं वाचणारं तोंड.

"पंडित, कागद खरा शे ना?"

माझी गाडी कापूस भरून उभी होती. मी शिक्का पाहिला, सही पाहिली. म्हणालो, "खरा शे, नाना."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

स्लॅब टाकून झाला, गावानं पेढे खाल्ले. पहिल्याच पावसात तो गळायला लागला. धनसिंगाला निरोपावर निरोप धाडले, पण तो कुठला येतोय! मग नानानं बापजाद्यांनी केलं तेच केलं. छत गळतं ना, टाका खारी माती. चांगली वीतभर टाकली. पाट्या द्यायला मीही होतो. आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, धाबं मातीनंच तगतं हे आम्ही दुधाबरोबर प्यालेलो. आत सळया हातहातभर अंतरानं टाकल्यात, हे कुणाला ठाऊक?

श्रावणात झड लागली. माती भिजून जड झाली. भर दुपारी स्लॅब बसला. नाना गोठ्यात होता, अक्का चुलीपाशी. आम्ही हातांनी उकरलं. जिच्या डोक्यावरची माती उतरवायची होती, तिला मातीखालूनच काढली. जीव नव्हता.

तेराव्यानंतर नाना ती चौकट घेऊन आला. धनसिंग ती न्यायला आलाच नव्हता; कामाच्या मुहूर्तापासून ती नानाच्या गोठ्यातच राहिली होती.

"बठ्ठा वाच."

मी पहिल्यांदाच सगळा वाचला. शिक्क्याच्या वरच, ठळक मराठीत होतं: फक्त रस्त्यांची खडी व मुरूम कामे. इमारतीचं नावही नव्हतं. लायसनाचेही प्रकार असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

नानानं चौकट उचलली आणि तो गोठ्याकडे गेला. शिव्या घातल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर जगलो असतो.

आता तो गोठ्यातच राहतो. आठ-पंधरा दिवसांनी चौकट घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतो आणि म्हणतो, "पंडित, बठ्ठा वाच." मी वरपासून वाचतो. 'फक्त रस्त्यांची' इथपर्यंत आलो की तो उठतो, चौकट काखेत धरतो आणि गोठ्याकडे चालू लागतो.