दोन कड्यांचं पातेलं

बोटघरात परवा मेन्ना आंटीचा फोटो लावला. खाली पाटी: ‘जीवरक्षक बोटीची आई’. कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे! आंटीनं वाचलं असतं तर ती पाटी चुलीत घातली असती. आई ती एकाचीच होती, इद्वलची.

वेल्सच्या या टोकाला, आमच्या पोर्थ एलनमध्ये, बोटीवर पगारी माणूस कुणी नाही. मासेमार, पोस्टमन, शाळामास्तर. भोंगा झाला की हातातलं टाकून, बुडत्यांना काढायला धावायचं. आंटी बोटीत कधी बसली नाही, पाणी बघूनच तिला मळमळायचं. नवरा पाटीच्या दगडाच्या खाणीत धूळ खाऊन लवकर गेला. तेव्हापासून बोट बाहेर पडली की ती चुलीवर मटणाचं सूप चढवायची, परतलेल्या पोरांच्या ओल्या जर्स्या धुऊन वाळवायची. वाढायची ती शिव्या देतच. “हावरटांनो, अख्खा समुद्र पिऊन आलात तरी भूक आहेच का?”

गावाची एक रीत आहे. बोट बाहेर असताना कुणाचंही पुढचं दार वाजवायचं नाही. पुढून येतो तो वाईट बातमी घेऊनच. बाकी सगळ्यांनी मागून यायचं, हाक मारत.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत, भर दुपारी, बोट एका मालवाहू जहाजाच्या मदतीला गेली. इद्वल बोटीवर होता, मी किनाऱ्यावर, बोट ओढून घ्यायच्या यंत्रापाशी. तीनच्या सुमारास वायरलेसवर कळलं, लाटेनं इद्वलला बाहेर फेकलं. काढला त्याला, पण जीव नव्हता. आमच्या बोटीचे सेक्रेटरी मिस्टर पॅरी म्हणाले, “गेथिन, तू जा. बाईला भलत्या तोंडून कळायला नको.”

मी धावत सुटलो आणि सवयीनं, गाढवासारखा, मागच्या दारानं शिरलो.

“आलास? बरं झालं,” आंटी मान वर न करताच म्हणाली. “मागून आलास म्हणजे सगळे धड आहेत. ती गाजरं चीर.”

मी चिरली. हो, चिरली गाजरं! तोंड उघडावं तर ही बोलत सुटलेली. “त्या बेथनशी सूत जुळलंय आमच्या इद्वलसाहेबांचं. मला म्हणे कळत नाही! मी काय आंधळी आहे? उन्हाळ्यात उरकून टाकते लग्न. आणि तुझं तोंड का असं एवढंसं? बायकोनं जेवायला घातलं नाही?”

“घातलं,” मी म्हणालो. तेवढंच निघालं तोंडातून.

मग पातेलं उतरवलं. एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. उतारानं किनाऱ्याकडे निघालो. पोस्टासमोर बायका एकदम गप्प झाल्या. “काय गं, भूत बघितलंत का?” आंटी हसली. सांगायला अजून शंभर पावलं होती, मग पन्नास, मग वीस.

बोट लागली होती. पोरं टोप्या काढून उभी होती, कुणी तिच्याकडे बघेना. आंटीनं त्यांना एकेक करून मोजलं, पुन्हा मोजलं. मग कडी सोडून माझ्याकडे वळली.

“तुला माहीत होतं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“आणि तू मला सूप करू दिलंस.”

ती ओरडली नाही. ओरडली असती, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये पुन्हा भोंगा झाला. वाटलं, आता काही ती येत नाही. जाऊन बघतो तर पातेलं उकळत होतं. मी कडी धरायला वाकलो.

“हात काढ.”

ते एवढं जड, तापलेलं पातेलं फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून ती एकटी उतार उतरली. सूप तिच्या अंगावर सांडत होतं. पुढे एकवीस वर्षं तेच. माझी जर्सी तिनं धुतली, माझी वाटी सगळ्यांबरोबर भरली, कुणाकडे माझ्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. कडी मात्र दिली नाही. दर खेपेला मी तिच्या मागून चालत गेलो, रिकाम्या हातांनी.