वाचलं असं समजा

मनोरमा राऊतबद्दल सध्या आमच्या वटार गावात जे काही बोललं जातंय, त्यातलं बरंचसं मी माझ्या कानांनी ऐकलंय. लग्न झालं नाही म्हणून अशी झाली, म्हातारपणी डोकं फिरलं, समाजाची अब्रू चव्हाट्यावर मांडली. बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड नाही. म्हणून तिच्याबद्दल मी लिहिते. मी मीरा, शाळेपासूनची तिची मैत्रीण, म्हणजे मी तरी तसं समजत होते. आमच्या समाजाच्या मंडळाचं नाव लिहीत नाही. नोटिसा धाडायला त्यांच्याकडे वकील आहेत.

मनोरमा छप्पन्न वर्षांची. वडिलांची केळीची आणि पानवेलींची वाडी. ती मात्र शिकली आणि मुंबईला सरकारी कचेरीत लघुलेखक झाली. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तिचं लिहून झालेलं असतं. बोलते कमी, विसरत काहीच नाही.

आम्ही बारा वर्षांच्या होतो तेव्हाची गोष्ट. मंडळाच्या वार्षिक संमेलनात मुलांचं नाटक असायचं, आजही असतं. बसवायचा नरहरी. अठ्ठावीस वर्षांचा, देखणा, मुलांना खिशातून सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, काढून देणारा. नाटकाच्या कपड्यांची ट्रंक सभागृहामागच्या खोलीत असायची. तिथे तो एकेका मुलीला कपड्याचं माप घ्यायला बोलवायचा आणि दार लावायचा. एका रविवारी मनोरमा त्या खोलीतून बाहेर आली ती थेट घरी गेली. पुन्हा तालमीला आली नाही. तिची आई तेव्हाच्या अध्यक्षांकडे गेली. ते म्हणाले, "पोरीला नाटकाचं वेड लागलंय, काहीबाही कल्पना करते. आपल्यातलं आपल्यात राहू द्या."

राजकन्येचं तिचं काम मला मिळालं. मी तिला कारण विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला कळायला हवं तेवढं कळलं होतं.

चौतिसाव्या वर्षी मनोरमा मंडळाची चिटणीस झाली. चिटणिसाचं काम सभेचा वृत्तांत लिहिण्याचं. हिने आणखी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. मागच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि मुलांच्या प्रत्येक तालमीला त्या दाराला पाठ लावून बसली. एक-दोन वर्षं नाही, चांगली बावीस वर्षं. लोक तिला मंडळाचा वॉचमन म्हणून चिडवायचे, मीही हसायचे. नरहरी तोवर नरहरीभाऊ झाला होता, दर दोन वर्षांनी त्याला शाल पांघरली जायची. मनोरमा त्याच्या सत्काराचा वृत्तांतही सुवाच्य अक्षरात लिहायची.

एकदा मी विचारलं, "इतकी वर्षं मनात धरून ठेवतेस, त्रास नाही होत?"

"होतो," ती म्हणाली. "पण सोडणार नाही. तेव्हा आई बोलली, कुणी ऐकलं? आता मी नुसती बोलणार नाही. त्याला कागदावर धरीन. आणि त्याला पाठीशी घालणाऱ्यांनाही."

मागच्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. तीन महिने घराबाहेर पडायची सोय नव्हती. किल्ली तिने माझ्या हातात दिली. "कुणी मागितली तरी द्यायची नाही. तालमीला तू बसायचंस," म्हणाली. मी हो म्हटलं. तालमीला मी दोनदा बसले. मग नरहरीभाऊंनी किल्ली मागितली, ट्रंकेतले मुकुट काढायला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, गावाने भाऊ म्हटलेल्या माणसाला, नाही कसं म्हणायचं? मी किल्ली दिली. परत मागितलीही नाही.

त्या नाटकातली उन्नती अकरा वर्षांची. तिची आई हेमाली ज्या दिवशी अध्यक्ष आत्मारामभाऊंच्या पडवीत येऊन रडली, त्या संध्याकाळीच मनोरमा सोडून आम्हा कार्यकारिणीतल्या सातही जणांना कळलं. "सभेत बघू," असं ठरलं. सभा आठ दिवसांनी होती. त्या आठ दिवसांत मी मनोरमाला दोनदा भेटले, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि घरी आले.

सभेला मनोरमा वॉकर घेऊन आली, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. विषय निघाला तेव्हा तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वही उघडली आणि लिहायला लागली. आत्मारामभाऊ म्हणाले, पोलिसांत गेलो तर मंडळ बुडेल. दुसरे म्हणाले, मुलीचंच नाव खराब होईल. नरहरीभाऊंना समज द्यावी, हेमालीला समजवावं, बाहेर वाच्यता नको, असं ठरलं. मी म्हटलं, "सगळ्यांचं आहे तेच माझं." मनोरमाने ज्याचं वाक्य त्याच्या नावापुढे लिहिलं, माझंही. ती वाद घालत नव्हती याचं आम्हाला हायसं वाटलं. इतके मूर्ख आम्ही.

शेवटी तिने विचारलं, "वृत्तांत वाचून दाखवू का?"

आत्मारामभाऊंनी बटाटवड्याची ताटली पुढे ओढली. "वाचलं असं समजा, मनोरमाताई. चहा निवतोय."

आमच्याकडे हीच पद्धत. वाचलं असं समजायचं आणि सही करायची. कधी कधी तर आम्ही कोऱ्या पानावर सह्या करून घरी जायचो, ती मागाहून लिहायची. त्या दिवशी पान भरलेलं होतं. वडे खाता खाता सातही जणांनी तेलकट बोटांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून मनोरमा, हेमाली आणि ती वही पोलीस ठाण्यात पोचली. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाही पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मनोरमाला ते केव्हापासून पाठ होतं. दुपारी नरहरीला घरून उचललं. त्याच्या अंगणात उभं राहून ते बघायला ती वॉकर टेकत गेली होती. मला हेमालीने सांगितलं, मनोरमाताई हसत होत्या.

माहिती दडवल्याबद्दल आम्हा सातही जणांवर गुन्हा दाखल झाला. मग मंडळाचा वकील आला. त्याने तोड काढली. पान कोरं होतं, सह्या आधी झाल्या, मजकूर चिटणीसबाईंनी जुन्या वैरातून मागाहून घुसडला, असा जबाब सगळ्यांनी द्यायचा. आमची सवय गावाला ठाऊक होती, त्यामुळे खोटं पटण्यासारखं होतं. सहा जण तयार झाले. मीही तसंच म्हटलं असतं तर आम्ही सातही सुटलो असतो, मनोरमा खोटारडी ठरली असती आणि वैराची बाब पुढे करून नरहरीही निसटला असता.

मी तिच्याकडे गेले. ती ओटीवर पाय लांब करून बसली होती. मी म्हटलं, "मी खरं सांगितलं तर मलाही शिक्षा होईल, मनो."

"होईल ना."

"किल्लीचंही सांगावं लागेल."

"ते तर आधी सांग."

"तू मला माफ करशील?"

तिने शांतपणे पाय खाली घेतले. "नरहरी नीच आहे, हे मला बाराव्या वर्षी कळलं. तू कोण आहेस ते कळायला मला आत्तापर्यंत थांबावं लागलं. त्याच्यावर माझा जेवढा राग आहे ना मीरा, त्याहून थोडा जास्तच तुझ्यावर आहे. खरं सांगायचं तर त्या उन्नतीसाठी सांग. माझ्याकडून काही मिळेल म्हणून सांगू नकोस."

मला तिचा संताप आला. घरी येईपर्यंत तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रात्रभर स्वतःची बाजू मांडत राहिले आणि एकही बाजू उभी राहिना.

सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. पान भरलेलं होतं. मी सगळं ऐकलं होतं, आठ दिवस आधीपासून मला माहीत होतं, आणि किल्ली मी दिली होती.

नरहरीचा जामीन फेटाळला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात हेमाली माझा हात धरून रडली. मनोरमा बाकावर बसली होती. शेजारच्या जागेवर तिची पिशवी होती. मी समोर जाऊन उभी राहिले, पण तिने पिशवी उचलली नाही.

"एक झाला," ती म्हणाली. "तुझी तारीख कधी आहे?"

"सोळाला."

तिने पिशवीतून डायरी काढली आणि ती तारीख लिहून घेतली. "मी येणार आहे," म्हणाली.