खाली कातळ नव्हता

आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पाऊल कुठेही टाकावं. पावसाळ्यात सगळा सडा पाण्याने भरतो, गवत वर येतं, लांबून बघितलं तर हिरवं तळंच वाटतं. पण पाय टाकला की वीतभर खाली कातळ लागतोच. माझे वडील चिरेखाणीवर काम करतात. त्याच कातळातून जांभ्याचे चिरे काढण्यात त्यांची उमर गेली. लहानपणी मी पाण्याच्या कडेला थबकले की ते म्हणायचे, "टाक पाय. खाली कातळच हाय, घाबरतंस कशाला?" मी टाकायचे. कातळ लागायचा.

हे आधी सांगितलं, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते यामुळे झालं असं मला वाटतं. किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल. नक्की सांगता येत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आता मिनेसोटाच्या उत्तरेला एका लहान शहरात मास्टर्स करते. ज्या दोघींबरोबर राहते त्या चांगल्या आहेत, पण त्यांची दारं बंद असतात आणि माझंही असतं. क्लास, लॅब, लायब्ररीतल्या काउंटरवरची नोकरी. तिथे लोक पुस्तक देतात, मी ते स्कॅन करते, ते थँक्यू म्हणतात. कित्येकदा शुक्रवारी संध्याकाळी मी खोलीत उगाच घसा खाकरून बघायचे, आवाज निघतोय की नाही ते. घरी फोन केला की वडील विचारायचे, "बरी हायस ना?" मी म्हणायचे, "हो." मग त्यांना पुढे काय विचारायचं ते सुचायचं नाही, आणि मला काय सांगायचं ते.

पहिल्या वर्षी इथल्या एका मराठी घरी दिवाळीच्या फराळाला बोलावलं होतं तिथे एक काका-काकू भेटले. काका मूळचे नागपूरचे, काकू पुण्याच्या. नोकरीची सगळी वर्षं दक्षिणेकडच्या ईडन प्रेरी शहरात काढून निवृत्तीनंतर ते इकडे तळ्याकाठी राहायला आले होते. त्यांच्याकडे एक काळी लॅब्रेडॉर कुत्री होती. खरं तर ती मुलीची. मुलगी नोकरीसाठी चँडलरला, वाळवंटातल्या शहरात, गेली. तिथल्या उन्हाळ्यात एवढ्या केसाळ जनावराचे हाल होतील म्हणून कुत्री आईवडिलांकडे राहिली. काका तिला बाईसाहेब म्हणायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि बाईसाहेबांना लांब फिरायला लागायचं.

"कुत्र्याला घाबरतेस का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही. आमच्याकडे अंगणात असायचे."

"मग रविवारी येत जा. हिला फिरव आणि इथेच जेव."

असे माझे रविवार ठरले. सकाळी बसने जायचं, कुत्रीला घ्यायचं, घराच्या मागच्या रस्त्याने पंधरा मिनिटं चालायचं की दलदल सुरू होते. इथे तिला बॉग म्हणतात. मैलभर लांब, उघडी, सपाट. खुरटी झुडपं, मधूनच वाळकी दिसणारी, सुईसारख्या पानांची सूचिपर्णी झाडं, आणि सगळीकडे जाड मऊ शेवाळ. पाणी बिनदुधाच्या चहासारखं. त्यावरून लाकडी फळ्यांची वाट काढली आहे. वाट संपते तिथे तीन पायऱ्या उतरून वाळूच्या उंचवट्यावरची पाऊलवाट लागते. ती बॉगच्या कडेकडेने दोन तास फिरवून परत आणते.

त्या वाटेवर मी कुत्रीशी बोलायचे. काका-काकूंसमोर मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलते. चूक होईल अशी धास्ती असते. कुत्रीशी मात्र घरच्यासारखं. "चल गो बाय. काय हुंगतंस एवढा? ढोरांगत काय चालतंस?" ती कान मागे करून ऐकायची. सबंध आठवड्यात मी स्वतःच्या भाषेत बोलायचे ते एवढंच.

काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बॉगमध्ये पट्टा सोडायचा नाही. काहीही झालं तरी." मी हो म्हटलं होतं. पण आमच्याकडे चालताना कुत्र्याला कोणी बांधत नाही. ते पुढे पळतं, मागे राहतं, पुन्हा येऊन मिळतं. मला पट्ट्याच्या त्या ओढीची लाज वाटायची. पुढच्या उन्हाळ्यात कधीतरी मी पायऱ्यांच्या पलीकडे पट्टा सोडायला लागले. कोणाला सांगितलं नाही. ती दूर जायची नाही, हाक मारली की यायची, आणि मला वाटायचं, ही येते ती माझ्यासाठी येते, पट्ट्यामुळे नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तो रविवार आला. पाऊलवाटेच्या कडेला शेवाळात मला एक इवलं लाल रोप दिसलं, पानांवर चिकट थेंब. मी ओळखलं. आमच्या सड्यावर श्रावणात हे असतं; शाळेतल्या बाईंनी त्याचं नाव दवबिंदू सांगितलं होतं, आणि ते किडे खातं हेही. इतक्या लांब ते भेटल्यावर मला काय झालं सांगू? गावचं कोणीतरी बस स्टॉपवर उभं असल्यासारखं वाटलं. मी वाकून फोटो काढत बसले. तेवढ्यात पलीकडच्या उघड्या पाण्यावरून बदकं उडाली आणि कुत्री त्यांच्यामागे धावली.

धप् असा आवाज आला. मान वर केली तेव्हा तिचं डोकं आणि पुढचे दोन पाय तेवढे दिसत होते. मागचा भाग शेवाळाच्या कडेतून खाली गेला होता. ती भुंकत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

मी धावले. आणि सड्यावर टाकते तसा पाय टाकला, जोरात, कातळ लागेपर्यंत. गुडघा आत गेला. लागेल, म्हणून मी दुसराही टाकला. मांडीपर्यंत गेले. खाली काहीच नव्हतं. थंडगार, मऊ, आणि त्याखाली आणखी मऊ. पुस्तकात या कुजलेल्या थरावर, पीटवर, एक अख्खा धडा मी वाचला होता, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. पायाला त्यातलं काही माहीत नव्हतं.

मी ओरडले, "आवो, कोन हाय काय?" मग लक्षात आलं की इथे हे कोणाला कळणार. म्हणून "हेल्प" म्हटलं, पण ते वर्गात हात वर करून शंका विचारावी तसं हळू निघालं. दोन्हींना उत्तर आलं नाही.

शेवटी मी पोटावर आडवी झाले, तशी बुडायची थांबले. झुडपांची मुळं धरून पाय ओढून काढले, सरपटत तिच्यापर्यंत गेले, छातीवरच्या हार्नेसला पट्टा अडकवला आणि ओढलं. किती वेळ ते माहीत नाही. एकदा ती कळवळली. मग एकदम बाहेर आली आणि आम्ही दोघी त्या हलत्या शेवाळावर धापा टाकत पडून राहिलो. ती उठली तेव्हा पुढचा उजवा पाय टेकत नव्हती.

परतीच्या वाटेवर ती लंगडत होती आणि मी एकच विचार करत होते, मला तो लिहायलाही बरं वाटत नाही. तिला किती दुखत असेल, हा तो विचार नव्हता. खरं सांगितलं तर कुत्री जाईल, हा होता. रविवार जातील. मग आठवड्यात काय उरेल?

दारात काकू किंचाळल्याच. "अगं, हे काय!"

"पायऱ्यांवरून घसरलो," मी म्हटलं. "ओल्या होत्या. खाली पाण्यात पडलो."

काकूंनी मला गरम पाण्याने अंघोळ करायला लावली, स्वतःचा गाऊन दिला, आल्याचा चहा दिला. प्रत्येक गोष्टीला मी थँक्यू म्हणत राहिले, लायब्ररीतल्या लोकांसारखं.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. डॉक्टरांनी बघितलं, खांद्याचा स्नायू दुखावलाय, महिनाभर विश्रांती. मग म्हणाले, "शनिवारी ये. एक काम आहे."

काकांनी आयुष्यभर इंजिनिअरिंग केलं होतं. मी गेले तेव्हा टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पार्कच्या ऑफिसला लिहायची तक्रार अर्धी झाली होती. पायऱ्यांचा उतार, फळ्यांमधली फट, कठड्याचा अभाव, सगळं मुद्देसूद.

"हे बघ, कितवी पायरी होती, सांग न. वरून मोजायचं का खालून?"

"काका, राहू द्या ना."

"राहू द्या काय बाप्पा! उद्या एखादा म्हातारा पडला म्हंजे? तुझं नाव नाही टाकत, घाबरू नको. नुसतं 'अ स्टुडंट' म्हटलंय. वाचून बघ, इंग्लिश बरोबर आहे का."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तीन दिवस हेच चाललंय. मला झोपेत पायऱ्या दिसतात."

मी वाचलं. माझ्या खोट्यावर त्यांनी किती काळजीपूर्वक, स्वच्छ वाक्यं रचली होती. कुत्री टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडली होती. मला वाटलं, अजून एक आकडा सांगितला की संपलं. दुसरी पायरी. एवढंच म्हणायचं होतं.

"पायरीवर नाही पडलो," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. पट्ट्याचं, उन्हाळ्यापासूनचं, दवबिंदूचं.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे पायऱ्या ठीक आहेत." आणि लॅपटॉप बंद केला.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आणि तू गेली असतीस आत, तर तुझ्या आईला आम्ही काय तोंड दाखवणार होतो?" त्यांचा आवाज चढला होता.

"पोरीला सांगावं लागेल," काका म्हणाले. "कुत्री तिची आहे." त्यांनी चँडलरला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोरच. माझ्यामागे बोलायचं नाही म्हणून तसं केलं असावं. मुलीने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, नो. आय ॲम सॉरी, बट नो. शी कान्ट वॉक हर एनीमोर." आणि मग, "इज शी ओके, दो? द गर्ल?"

"हो," काका म्हणाले. "बसली आहे इथे."

कुत्रीचा पाय बरा झाला. आता तिला फिरवायला पगारी बाई येते. काकू मला अजून रविवारी जेवायला बोलावतात आणि मी जाते. पण दारातून आत गेले की कुत्री शेपूट हलवत थेट पट्टा टांगलेल्या खुंटीखाली जाऊन उभी राहते आणि मागे वळून बघते. मी चपला काढून आत बसते. ती तिथेच उभी असते. काकू तिला हाका मारत राहतात.

आता मी सकाळी लवकरच्या बसने जाते, आधी एकटी बॉगवर जाऊन येते. मागच्या रविवारी झाडं पिवळीधमक झाली होती आणि सुया गळत होत्या. फळ्यांवर उभी राहून मी घरी फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, आई भाकऱ्या थापत होती, आवाज येत होता.

"बरी हायस ना?" वडिलांनी विचारलं.

या वेळी मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कातळ नाय म्हंजे? खाली काय हाय मंग?"

"कुजलेलं शेवाळ. त्याच्याखाली पाणी."

हे त्यांना पटायला वेळ लागला. "मंग माणसं चालतात कशावरनं?"

"फळ्या टाकल्यात."

"मंग फळीवरनंच चाल, बाय." आणि पुढे, "आता कोन हाय संगती?"

"कोणी नाही."

असं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. भाकरीचा आवाज थांबला.

"फोन ठेवू नको," ते म्हणाले. "तू चाल. मी हाय."

मी चालायला लागले. फळ्या पावलांखाली वाजत होत्या, तो आवाज त्यांना ऐकू जात असावा. मधे एकदा ते खोकले. पायऱ्यांपर्यंत गेले, तिथूनच वळले, आणि परत येईपर्यंत फोन चालू होता.