रॉक फॉस्फेटमधला दात

"मॅडम, हा कुत्र्याचा दात आहे," साहेब म्हणाले. माझी तर त्याआधीच खात्री झाली होती.

सुप्याच्या एमआयडीसीत आमचा खताचा कारखाना. मी लॅब सांभाळते. रॉक फॉस्फेट म्हणजे ज्यापासून सुपर फॉस्फेट करतात तो परदेशी दगड. गाडी आली की आधी सॅम्पल माझ्या टेबलावर येतं. त्या दिवशी ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढा, वाकडा, टोकदार दात निघाला. हाडांतही फॉस्फरस असतो. म्हणजे कुणीतरी दगडात कत्तलखान्याची हाडं मिसळतंय! माझा स्वभाव मुळातच संशयी. लगेच डोक्यात चक्रं फिरायला लागली.

सॅम्पल काढतो गोरख. पाथर्डीकडचा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. घरातली ही पहिलीच नोकरी आणि त्याच आठवड्यात त्याला कायम केल्याचं लेटर मिळायचं होतं. मी त्याला ड्रॉवर उघडायला लावला. आत चहाचा डबा आणि डब्यात तसलेच ओंजळभर दात.

"हे काय रे?"

"दात हायेत, मॅडम."

"ते दिसतंय मला! सॅम्पलमधून वेचून काढतोस? मला दिसू नयेत म्हणून? सप्लायरनं सांगितलं ना?"

त्याचा चेहरा उतरला. "न्हाई ओ, आईशपथ. गावाकडं बाया मागत्यात. वाघाचा दात म्हनून लेकरांच्या गळ्यात बांधत्यात, दिष्ट लागत न्हाई. दोन वर्सं झालं, नेतोय मी."

परदेशी दगडात वाघ! म्हटलं, थापा तरी नीट माराव्यात माणसानं.

"याचं लेटर थांबवा, गाडी परत पाठवा," साहेब म्हणाले. "तुम्ही रिपोर्ट द्या."

मी रिपोर्ट लिहायला बसले. 'हाडांची भेसळ' लिहायचं तर पुरावा हवा. ताजं हाड किंवा दात जाळला की केस जळल्यासारखा वास सुटतो. स्पिरिट लॅम्प पेटवला, चिमट्यात दात धरला. वास येईना. दुसरा धरला, तिसरा धरला. नाक पार जवळ नेलं. छे! म्हणजे हे दात ताजे नव्हतेच.

रत्नागिरीला माझी मैत्रीण कॉलेजात माशांचा विषय शिकवते. तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

"अगं वेडे, शार्कचा दात आहे हा! बुडाशी दोन्हीकडे बारीक काटे दिसतायत ना? सँड शार्कचं कूळ. त्यांची भावकी आजही समुद्रात फिरतेय. हा मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, दगड झालेला. फॉस्फेटचे थर समुद्राच्या तळाशीच साचले, आणि शार्कचे दात जन्मभर पडतच राहतात. त्या दगडात दात नाही सापडला तर संशय घे!"

आमच्या नगरकडे समुद्र म्हणजे आठवडी बाजारातले सुके बोंबील. त्यांच्या तोंडात कोण बघतं!

गाडी आत घेतली. गोरखचं लेटर निघालं. सॅम्पलमधून काही वेचायचं नसतं, हे त्याला समजावलं आणि सगळ्यांसमोर "माझं चुकलं" असंही म्हटलं. तो "असू द्या" म्हणाला.

तेव्हापासून तो सॅम्पल माझ्यासमोर ट्रेमध्ये ओततो आणि शर्टपँटचे सगळे खिसे उलटे करून दाखवतो. "बगून घ्या, मॅडम." नको म्हटलं तरी ऐकत नाही.

त्या टेस्टला पाच मिनिटं लागली होती. ती मी ड्रॉवर उघडायला लावण्याआधी करायला हवी होती.