बार्तूलचं बोट

लास्तोवो बेटावर बार्तूल दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. चौतीस वर्षं त्याने उब्लीच्या धक्क्यावर बोटींचे दोर पकडले आणि एकही पाण्यात पडू दिला नाही, ही एक. आणि दुपारी जेवल्यावर तो जसा बसायचा, तसं बसणं बेटावर दुसऱ्या कुणाला जमलं नाही, ही दुसरी.

आमच्याकडे त्या बसण्याला फ्याका म्हणतात. मी स्प्लितची, आम्हालाही फ्याका येते, पण शहरातली फ्याका म्हणजे नुसतं सावलीत आडवं होणं. खरी फ्याका बेटांवरची. तिला आळस म्हणू नका. आळशी माणसाला निदान झोप तरी हवी असते. फ्याका आलेल्या माणसाला काहीच नको असतं. पाणी नको, गप्पा नकोत, नाकावरची माशी हाकलायचीसुद्धा इच्छा नको. आणि अशा माणसाला उठवायचं नसतं. जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाहीत, तसंच ते.

बार्तूलची बायको लुत्से आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. ती लग्न करून लास्तोवोला गेली, मी नर्स होऊन स्प्लितलाच राहिले. पण ऑगस्टचे पहिले दहा दिवस मी आणि माझा नवरा निक्शा त्यांच्याकडे, हे ठरलेलं. असे एकतीस उन्हाळे. पाहुणचार वगैरे भानगड नव्हती. पाच तासांची बोट करून आंबून पोचावं, तर लुत्से हातात झाडू द्यायची.

"लुत्से, अगं पाणी तरी दे आधी."

"पाणी विहिरीत आहे. बादली तिथेच आहे."

बार्तूलची गंमत अशी, की आयुष्यभर बोटी बांधणाऱ्या या माणसाला बोट लागायची. पाय ठेवला की ओकारी. एकतीस वर्षांत तो स्प्लितला आमच्या घरी दोनदा आला आणि दोन्ही वेळा पहिला दिवस बादली मांडीवर घेऊन बसला. इंजिनाच्या आवाजावरून मात्र तो कुठली बोट, किती उशिरा, आणि आज कप्तान कोण, हे सांगायचा. कप्तानाच्या बाबतीत तो निम्म्या वेळा चुकायचा आणि ते कधीच कबूल करायचा नाही. तरुणपणी दोरात सापडून त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मोडली होती. ती वाकडीच जुळली. बेटावरच्या डॉक्टरने पुन्हा मोडून नीट बसवतो म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे. दोर अडकवायला बरं पडतं."

स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तो चर्चच्या पायरीवर तसाच बसून राहिला होता. आत पाद्री, बाहेर बँड, आणि नवरा मध्ये. लुत्से सगळ्यांना सांगायची, "मी लग्न फ्याकाशीच केलं. बार्तूल हुंड्यात आला."

दुपारी जेवणं झाली की तो अंजिराखालच्या दगडी बाकावर बसायचा. लुत्से आत भांडी घासायची, मी सतरंजीवर पडायचे, निक्शा झाडाला बांधलेल्या झोळीत. आणि निक्शा रोज, अगदी रोज, तेच ओरडायचा.

"बार्तूल! आहेस की गेलास?"

बार्तूल डोळे उघडायचा नाही. मांडीवरच्या उजव्या हाताची ती वाकडी तर्जनी तेवढी वर उचलायचा.

"आहे म्हणतोय. कबर खणणाऱ्याला कळवा, आज सुट्टी."

तीस वर्षं तोच विनोद, आणि तीस वर्षं आम्ही हसलो. सुट्टीत माणसाला नवीन काही नकोच असतं.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टची पाच तारीख. शेगडीवर तारली भाजली होती, बटाटे आणि पालेभाजी होती, पाणी घातलेली वाईन होती. जरा जास्तच. एक वाजता बार्तूल व्यवस्थित जेवला, उठला, बाकावर जाऊन बसला. दोन वाजता निक्शा ओरडला, "आहेस की गेलास?"

जरा वेळ काही झालं नाही. मग बोट वर आलं. निक्शाने कबर खणणाऱ्याला सुट्टी दिली आणि तो घोरायला लागला.

मी डोकं उचलून बघितलं. वर आलेलं बोट सरळ होतं. डाव्या हाताचं होतं.

मी छत्तीस वर्षं रुग्णालयात काढली, त्यातली अकरा नेमकी याच आजाराच्या, पक्षाघाताच्या वॉर्डात. उजवा हात सोडून डावा उचलणारा माणूस दिसला की मी शिकाऊ पोरींना पळायला लावायचे. "उभ्या काय राहता, घड्याळ बघा आधी!" तर त्या दिवशी मी ते बोट बघितलं, ते सरळ आहे हे मला कळलं, आणि मनात आलं, आज हात बदलला वाटतं. एवढंच. मग मी डोकं पुन्हा उशीवर टेकवलं. ऊन होतं. अंगात वाईन होती. उठावंसं वाटलं नाही.

सहा वाजता लुत्सेने त्याला कॉफी दिली आणि कप त्याच्या मांडीवरून घरंगळत खाली गेला.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा साडेसात झाले होते. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, शेवटचा धडधाकट कधी पाहिलात? निक्शा म्हणाला, "दोन वाजता. बोट वर केलं की त्याने." मी काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बार्तूल न ओकता स्प्लितला पोचला. त्याची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला, "बरं." भूक लागली, बरं. दुखतंय, बरं. लुत्से त्यातून तीस अर्थ काढते.

आम्ही पुढच्या वर्षीही गेलो. न जाण्याचं काही कारण देता आलं नसतं. लुत्सेने झाडू दिला, मी झाडलं. पहिल्या दुपारी निक्शाच्या तोंडून सवयीने "बार्तूल! आ—" एवढं निघालं आणि त्याने जीभ चावली. मग तो झोळीत पडून राहिला, उताणा, डोळे उघडे. मी सतरंजीवर. मला वाईट वाटायला हवं होतं, मी वाटायची वाट बघत होते. ते काही आलं नाही. दंतवैद्याने सुई दिल्यावर गाल आपलाच असून आपला नसतो ना, तशी मी तेव्हापासून आहे. घरी आले, कामावर गेले, नातवाच्या बारशाला नाचलेसुद्धा. सगळं गालाच्या बाहेरून.

निघायच्या आदल्या दिवशी लुत्सेने मला पहिल्यांदा विचारलं. दोघी दोऱ्यांवरचे कपडे काढत होतो.

"पेरिना, तू नर्स आहेस. खरं सांग. दोन वाजता मी त्याला उठवलं असतं तर?"

"काही फरक पडला नसता," मी म्हटलं. "झोपेतच झालं असणार ते."

"नक्की?"

"अगं, मी सांगतेय ना."

तिने मान हलवली आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. त्याच्या पुढच्या वर्षी, निघायच्या आदल्या दिवशी, पुन्हा तोच प्रश्न. मी तेच सांगितलं. तिने तशीच मान हलवली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात वॉर्डात एक मासेविक्या आला. सकाळी त्याच्या हातातला ग्लास जरा कलला आणि बायकोने कपडेसुद्धा न बदलता त्याला आणलं. पाऊण तासात. आठव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. जाताना माझा हात धरून त्याचा मुका घेतला. उजव्या हाताने धरला होता. मी त्याला म्हटलं, बायकोचा घे, मूर्खा. आणि घरी येऊन ठरवलं की या खेपेला लुत्सेला खरं सांगायचं. मला वाटलं, सांगितलं की हा बधिरपणा उतरेल. खोटं कशाला बोलू, मी आधी माझाच विचार केला होता.

त्या वर्षी नऊ ऑगस्टला, तिने विचारायच्या आधीच, मी बोलले. निक्शा झोळीत घोरत होता. बार्तूल बाकावर होता, पांढरी टोपी घातलेला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भाजी निवडत होतो.

"लुत्से, फरक पडला असता."

तिचे हात थांबले नाहीत.

"दोन वाजता त्याने बोट वर केलं, ते मी बघितलं होतं. डाव्या हाताचं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंसुद्धा होतं, अर्धवट. मी पडून राहिले."

"सरळ होतं," लुत्से म्हणाली.

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मी खिडकीत होते, भांडी घासत. मलाही दिसलं ते. म्हटलं, हे काय नवीन. हात पुसत दारापर्यंत आले, इथे, या उंबऱ्यात. तेवढ्यात तू डोकं उचललंस. त्याच्याकडे बघितलंस, चांगलं निरखून. आणि परत आडवी झालीस." तिने एक किडकं पान बाजूला टाकलं. "मी म्हटलं, नर्सने बघितलंय. काही नसणार. परत आत गेले."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग दर वर्षी मला का विचारायचीस? मी कधी कबूल करते ते बघायला?"

लुत्सेने पहिल्यांदा मान वर केली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"कबूल कशाला करायचंस तू?" ती म्हणाली. "वर्षातून एकदा तू म्हणायचीस, फरक पडला नसता. खोटं आहे हे मला कळायचं, पण तू म्हणायचीस. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं गं. आता मला ते कोण म्हणणार?"

तिने भाजीची टोपली उचलली आणि आत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला. बधिरपणा काही उतरला नाही. मी देठ गोळा केले आणि कोंबड्यांना टाकले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीने आम्ही निघालो. लुत्सेने पाव, चीज आणि अंजिरं बांधून दिली, निक्शाला दोन्ही गालांवर मुका दिला, मलाही दिला. काही विचारलं नाही.

दर वर्षी जुलैच्या शेवटी तिचा फोन यायचा, "कधीची बोट पकडताय?" एवढाच. यंदा आज ऑगस्टची बारा तारीख झाली. फोन आलेला नाही. निक्शाची बॅग दारात भरून ठेवलेली आहे. तो म्हणतो, बार्तूलच्या व्यापात विसरली असेल बिचारी, तूच कर ना. मी म्हणते, करते. मग तो विचारतो, तुमचं काही बिनसलं तर नाही ना? मी म्हणते, छे, काही नाही.