बिनछपराच्या गाडीतला टेप

पेणला रामवाडीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पंचवीस वर्षं होत आली. दुकान उघडलं तेव्हा बोर्डावर ‘कारटेप बसवून मिळतील’ ही ओळ सगळ्यात मोठी होती. ती ओळ अजून आहे, पण टेप बसवायला आता कोणी येत नाही. नव्या गाड्या पडदा, स्पीकर सगळं घेऊनच शोरूममधून निघतात. माझ्याकडे येतात त्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि पाणी शिरलेले हेडलाइट. दिवसभर मान वाकडी करून डॅशबोर्डखाली पडून राहायचं. उजवा हात दोन वर्षं झाली, खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. मी बरं म्हणालो आणि तिथून थेट दुकान उघडायला गेलो.

थंडी संपत आली होती तेव्हा रोह्याहून एका बाईंचा फोन आला. गाडीत टेप बसवून देता का, असं त्यांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी कोणी हे विचारत होतं, म्हणून गाडी कोणती हे विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसलो. मग कळलं की गाडी त्यांच्या नवऱ्याने घरी जोडलेली आहे, दोनच माणसांची, आणि तिला छप्पर नाही. हायवेवरची धूळ आणि ट्रक यांच्यामुळे ते ती पेणपर्यंत आणणार नाहीत, मलाच यावं लागेल. रोह्यातल्या दोघांना त्यांनी विचारलं होतं. एक हसला होता आणि दुसरा म्हणाला होता, आधी छप्पर लावा, मग बघू. आठवड्यात एक रविवार मिळतो तोही घालवायची माझी इच्छा नव्हती. पण नाही म्हणायला कारणं शोधावी लागतात, आणि तेवढीही उमेद नव्हती. रविवारी येतो म्हणालो.

हत्यारांची पिशवी घेऊन सकाळच्या मेमूने रोह्याला गेलो. नदीपलीकडे अष्टमीत त्यांचं बैठं घर होतं, बाजूला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ती गाडी. हिरव्या रंगाची, कमरेएवढी उंच. एखाद्या होडीला चाकं लावावीत तशी दिसत होती. बाईंचे यजमान, म्हणजे काका, कंपनीत फिटर होते, अठ्ठावीस वर्षं कॉम्प्रेसर हाउसमध्ये. रिटायर झाल्यावर त्यांनी कुठून तरी लांबून चासी आणि फायबरची बॉडी खोक्यांत भरून मागवली, एका जुन्या छोट्या गाडीचं इंजिन मिळवलं आणि शेडमध्ये बसून सहा वर्षांत ही गाडी उभी केली. पासिंग करून नंबरही घेतला. हे सगळं मला त्या बाईंनी, काकींनी सांगितलं. काका हातात फडकं घेऊन गाडीजवळ उभे होते आणि माझ्या पिशवीकडे बघत होते.

मी त्यांना विचारलं, बॅटरीची अर्थ, म्हणजे परतीची तार, कुठे दिली आहे? ते बोलले नाहीत. पुन्हा विचारलं, तर मागून काकींनीच उत्तर दिलं. पुढेही तसंच चाललं. मी डॅशखालून काही विचारायचो, काका गप्प राहायचे, काकी सांगायच्या. मी पेन्सिलीने डॅशवर टेपची चौकट आखली, तेव्हा काकांनी पुढे येऊन त्या रेघांवर हात ठेवला.

“इथं नाय कापायचं,” एवढंच म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मला राग आला. म्हटलं, बाईला टेप हवा, बुवाला नको, आणि आपण दोघांच्या मधे फुकट उन्हात बसलोय. पण आलोच होतो. डॅश सोडला आणि दोन सीटच्या मधे प्लायवूडची पेटी करून त्यात टेप बसवायचं ठरवलं, वर रबराची पट्टी लावलेलं झाकण, म्हणजे शिंतोडे आत जाणार नाहीत. स्पीकर दारांत लावून उपयोग नव्हता, उघड्या गाडीत तो आवाज पायातच राहिला असता. ते सीटच्या मागे, कानाजवळ येतील असे लावायचे होते. तसले पाण्याने खराब न होणारे स्पीकर बोटींवर लावतात, ते मागवावे लागणार होते. शिवाय पत्र्याच्या गाडीत कुठेही स्क्रू मारला की अर्थ मिळते. फायबरला ती मिळत नाही. प्रत्येक तारेला परतीची दुसरी तार थेट बॅटरीपर्यंत ओढावी लागते. तो अख्खा दिवस तारा ओढण्यात गेला.

परतताना मेमूत डोळा लागला आणि पेण मागे गेलं. हमरापूरला जाग आली. तिथे उतरून रिक्षाने मागे आलो. घरी जेवताना बायको काहीतरी सांगत होती, मी हं हं करत होतो. मधेच थांबून तिने विचारलं, मी आत्ता काय सांगितलं? मी पुन्हा हं म्हणालो. तिने ताट उचललं आणि आत गेली.

पुढच्या रविवारी स्पीकर घेऊन गेलो. दुपारी दोनपर्यंत ते बसले. टेप लावला, रेडिओ धरला, आवाज स्वच्छ आला. काकींनी घरातून खुर्ची आणली आणि शेडच्या तोंडाशी बसून ऐकू लागल्या. मला बरं वाटलं. मग मी काकांना खुणेने इंजिन चालू करायला सांगितलं आणि गाण्याच्या मागून एक बारीक किंचाळी सुरू झाली. अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती वर चढायची, सोडला की उतरायची. हा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज. वायरमनला तो ठाऊक असतो. मी फिल्टर लावला, तारा एकमेकींपासून दूर केल्या, टेपची अर्थ बदलली. चार वाजले तरी किंचाळी तशीच. काका चहा करायला आत गेले होते. मी शेडच्या जमिनीवर भिंतीला टेकून बसलो. कंटाळून काकींना म्हणालो की इंजिन बंद ठेवून ऐकलं तर छान वाजेल.

“इंजिन बंद ठेवून ऐकायला घरात रेडिओ हाय ना, भाऊ,” त्या म्हणाल्या.

आवाजात तक्रार नव्हती. दाराकडे एकदा बघून त्यांनी जे सांगितलं ते मला आधीच समजायला हवं होतं. काकांना ऐकू येत नाही. कॉम्प्रेसरच्या आवाजात उभं राहून राहून कान गेले. आधी एक, मग दुसरा. कानाचं मशीन आणलंय, पण त्यात माणसाच्या आवाजाऐवजी भांडी आणि वाराच ऐकू येतो म्हणतात, म्हणून ते कपाटात पडून आहे. घरात त्यांना फारसं अडत नाही, कारण समोरच्याच्या ओठांवरून ते सगळं ओळखतात. रोज संध्याकाळी ते काकींना गाडीतून निडी गावापर्यंत फिरवून आणतात. गाडी चालवताना नजर रस्त्यावर.

“शेजारी बसून मी काय पण बोलले तरी त्यांना माझं तोंड दिसत नाय,” काकी म्हणाल्या. “मग मी गप बसते. जाताना गप, येताना गप. त्यांनी सहा वर्षं खपून केलेली गाडी हाय, येत नाय कसं म्हणू? म्हटलं टेप असला तर कानाला तेवढीच सोबत.”

मी विचारलं, मग काकांना टेप का नको? त्या पदराने खुर्चीचा हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांना वाटतं, मी आता त्यांच्याशी बोलायचं सोडलं.”

काका कपबश्या घेऊन बाहेर आले. मी दोन रविवार या माणसाशी डॅशखाली पडून, पाठ करून, इंजिनात डोकं घालून बोललो होतो आणि त्याला तुसडा समजलो होतो. चहा घेतला. मग उठून त्यांच्या समोर उभा राहिलो आणि सावकाश, तोंड त्यांच्याकडे ठेवून सांगितलं की स्पीकरमध्ये इंजिनाचा आवाज येतोय, इंजिनाबरोबर चढतो आणि उतरतो, आणि मला तो सापडत नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. काकींना गाडीत बसवून इंजिन चालू करायला लावलं. टेप चालू, रेडिओ बंद, आवाजाचं बटण पूर्ण वर. मग एका स्पीकरवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने काकींना खूण केली, दे, सोड, दे, सोड. डॉक्टर नाडी बघतो तसे मान खाली घालून उभे होते. मला वाटलं नव्हतं त्यांच्या हाताला काही लागेल. पण बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली.

“इंजिन उठतं तसं हे उठतं,” ते म्हणाले. “सेल्फ पण सकाळचा जड मारतो. दोन महिने झाले.”

एवढ्यावर मला कळायला हवं होतं आणि कळलं. इंजिनातून चासीला जी अर्थची पट्टी जाते ती धड टेकत नसणार, आणि मग इंजिनाचा परतीचा करंट वाट मिळेल तिथून, टेपच्या तारेतून, घुसत होता. हे पहिल्या दिवशी बघायचं असतं. शिकाऊ माणूसही बघतो. मी बघितलं नव्हतं, कारण त्यासाठी गाडीखाली उताणं पडून हात वर करावा लागला असता, आणि मी तो टाळला होता. तसं मी त्यांना सांगितलंही, समोर उभा राहून.

ते ऐकून, म्हणजे बघून, ते थोडे हसले. मोठा पाना घेऊन स्वतःच गाडीखाली सरकले. पट्टी सोडली. तिच्याखाली हिरवा रंग जाड, गुळगुळीत. खाडीच्या खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून त्यांनी चासीला रंगाचे हातावर हात दिले होते आणि पट्टी रंगावरच आवळली होती. ब्लेडने आणि पॉलिशपेपरने त्यांनी नाण्याएवढी जागा लख्ख केली. मी वरून टॉर्च धरून बसलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पट्टी पुन्हा आवळली, वर ग्रीस फासलं. गाडी चालू केली. सेल्फने एका झटक्यात इंजिन उचललं. रेडिओवर कोणी बाई पापड कसे वाळवायचे ते सांगत होती आणि तिच्या आवाजामागे काही नव्हतं.

काकींनी काकांकडे बघून मान हलवली. काकांनी स्पीकरवर परत तळवा ठेवून बघितला आणि काढला.

ऊन उतरलं होतं. मी काकांना म्हणालो, दोघं एक चक्कर मारून या, चालत्या गाडीत कसं वाजतं ते कळेल. आणि हेही सांगितलं की उघड्या गाडीत चाळीसच्या वर वारा आवाज नेतो, तिथे मी काही करू शकत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत हे सगळं घेतलं. काकींनी डोक्याला रुमाल बांधला. गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी पायरीवर बसलो. हत्यारं पुसून पिशवीत भरायची होती, ती तशीच राहिली. बसल्या बसल्या झोप लागली.

गाडीच्या आवाजाने जागा झालो तेव्हा तासाच्या वर झाला होता. एवढ्या वेळात ते निडीला दोनदा जाऊन आले असते. मला शंका आली की काही बिघडलं. काकी उतरल्या, रुमाल सोडला आणि म्हणाल्या, सगळं ऐकू आलं. काकांनी गाडी तीसच्या वर नेलीच नाही. मागून रिक्षा हॉर्न मारत होत्या, पण ते डाव्या बाजूने तशीच हळू नेत राहिले. आणि निडीच्या अलीकडे एका झाडाखाली त्यांनी गाडी उभी केली, काकींकडे वळले आणि विचारलं की रेडिओवर काय लागलंय. काकींनी सांगितलं. पापडांचं, मग लागलेल्या गाण्याचं, मग मधे आठवलं ते आणखी काही. अंधार पडायच्या आत परतायचं म्हणून निघाले, नाहीतर अजून बसलो असतो म्हणाल्या.

काका हे बोलणं बघत उभे होते. मग त्यांनी माझी पिशवी उचलून काकींच्या सीटवर ठेवली आणि मला बस म्हणून खूण केली. स्टेशनपर्यंत सोडतो म्हणाले. टेप बंदच होता, आणि चालत्या गाडीत त्यांना माझं तोंड दिसणार नव्हतं, म्हणून मीही काही बोललो नाही. पुलावर नदीवरचा गार वारा लागला. काकी रोज हेच करत असतील, शेजारी गप बसून पाण्याकडे बघणं, असं वाटलं. मला तर ते त्या वेळी बरंच वाटलं. दमलो होतो.

स्टेशनबाहेर मी उतरलो. काकांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळले. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवतो, तेव्हा टेप काढून घरात ठेवायचा का, असं विचारलं. मी म्हणालो, हो, चार स्क्रू आहेत, दोन जोड सोडायचे, तुमचं तुम्हाला जमेल.

“जमेल,” ते म्हणाले. “पण परत लावताना या. ती म्हणते, आवाज बरोबर आला का ते माझ्या कानांना नाय कळायचं.”

मी येतो म्हणालो. मेमूला वेळ होता. बाकावर बसलो आणि या खेपेला झोप लागू नये म्हणून स्टेशनातल्या नळावर तोंड धुऊन आलो.